रोसेलीचा सत्कार

बेकरीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा मालकीण मॅम फ्रिदांनी ला पाझ वस्तीतल्या चर्चमागचा मोठा हॉल घेतला. दोन अख्खी डुकरं भाजून आणली होती, नूडल्सच्या परातींवर पराती लागल्या होत्या, आणि कामगार पोराबाळांना घेऊन आले होते. रोसेली नुफाब्ले तेवढी एकटी आली होती. नवरा बोटीवर कामाला. मुलगी याना शाळेच्या नाचाच्या तालमीला गेलेली. आणि आई म्हणाली होती, "माझे गुडघे त्या पायऱ्या चढायचे नाहीत बाई. डुकराची कुरकुरीत कातडी तेवढी बांधून आण."

बेकरीच्या बिस्कोचो विभागाची रोसेली मुख्य होती. पाव कापायचा, लोणी-साखर फासायची, पुन्हा भट्टीत घालायचा; तिथल्या सगळ्या बायका तिच्या हाताखाली. मॅमनी आधीच तिला बोलावून सांगितलं होतं, "दाय, रविवारी जरा चांगला ब्लाउज घालून ये हं." मॅम लाडात आल्या की सगळ्या बायकांना दाय म्हणत. रोसेली काय ते समजली. तिने निळा ब्लाउज शिवून घेतला. आरशात पाहिलं तर बरी दिसत होती.

जेवणं व्हायच्या आधी मॅम फ्रिदा माइक घेऊन उभ्या राहिल्या. बाई दिलदार. कुणाच्या घरी मयत झाली की शवपेटी त्यांच्याकडून, कुणाचं बाळंतपण अडलं की गाडी त्यांची. आवाज मात्र असा की माइकची गरजच नव्हती.

"यंदाची उत्तम कामगार," मॅम म्हणाल्या, "रोसेली नुफाब्ले!"

टाळ्या झाल्या. रोसेली मंचावर गेली. एका माणसाने तिच्या हातात खोक्यातला उभा पंखा दिला. तो जड होता, तिला दोन्ही हातांनी कवटाळून धरावा लागला. समोर ऑफिसातली मुलगी मोबाइल उंच धरून उभी होती. बेकरीच्या फेसबुकवर सगळं थेट दिसत होतं.

"आता तुम्ही म्हणाल, हिलाच का?" मॅमनी तिच्या खांद्यावर हात टाकला. "कामसू तर सगळेच आहेत. पण मी तुम्हाला आज एक गोष्ट सांगणार आहे. ही बाई, आपली मानांग रोसेली, तुम्हा सगळ्यांची थोरली ताई, अकरा वर्षांपूर्वी शाबूच्या, त्या नशेच्या पावडरीच्या, नादाला लागली होती."

रोसेलीला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"हो, शाबू! तुमचा विश्वास बसणार नाही. माझाही बसला नव्हता. आपल्या नर्स लोर्नाने सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर ही व्यसनमुक्ती केंद्रात होती. पोरीला सोडून! आणि आज बघा. माझी सगळी भट्टी मी हिच्या भरवशावर टाकते. देवाची करणी नाही तर काय ही?"

हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. मग मॅमनी स्वतःच टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळा हॉल उभा राहिला. पुढच्या टेबलावरची एक म्हातारी डोळे पुसत होती. रोसेली हसली. खोकं कवटाळलेलं होतं, त्यामुळे तोंडावर हात घेता येईना. तेव्हा ती हसतच राहिली.

"दोन शब्द बोल दाय!"

"थँक यू मॅम," रोसेली म्हणाली. तेच शब्द माइकमधून हॉलभर घुमले.

झालं होतं असं. मागच्या उन्हाळ्यात रोसेलीच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. कामावर परतली तेव्हा टाके दुखत होते. बेकरीच्या दवाखान्याच्या खोलीत नर्स लोर्नाने वेदनेच्या जोरदार गोळ्या काढल्या तेव्हा रोसेलीने हात मागे घेतला. "या नकोत, साध्या द्या," म्हणाली. लोर्नाने कारण विचारलं. दार लावलेलं होतं, बाई नर्स होती, आणि दुखणंही खूप होतं. रोसेलीने खालच्या आवाजात सांगून टाकलं. नर्सने तिचा हात दाबला होता. "तुझं माझ्यापाशी राहील," असंही म्हणाली होती.

रोसेली जेवली नाही. कातडीही बांधून घेतली नाही. पोट बिघडलंय म्हणाली आणि घराकडची भाड्याची जीपनी पकडली. पंखा मांडीवर मावेना, म्हणून गुडघ्यांमध्ये उभा धरला.

समोर बसलेल्या बाईने विचारलं, "बक्षीस मिळालं वाटतं?"

"हो."

"कशाबद्दल?"

"कामाबद्दल," रोसेली म्हणाली, आणि बाहेर बघत राहिली. त्या बाईच्या हातात मोबाइल होता. तिचा अंगठा पडद्यावर सरकला की रोसेलीला वाटे, आता तो सत्कार उघडणार.

घराच्या दारात आई उभी होती. सगळा ला पाझ तिला लोला पुरिंग, म्हणजे पुरिंग आजी, म्हणायचा. लेकीकडे न बघता ती पंख्याकडे बघून बोलली.

"याना तालमीतून तशीच घरी आली. वर्गातल्या कुणीतरी मोबाइलवर दाखवलं. आत कडी लावून बसलीय."

"तू काय सांगितलंस?"

"मी काय सांगणार? मला म्हणाली, लोला, खोटारडी. इतक्या वर्षांत पोर मला उलट बोलली नव्हती." म्हातारीने दाराची चौकट धरली. "हाँगकाँगचं मी रचलं होतं ना. माझ्याच तोंडाला काळं फासलं गेलं."

याना तीन वर्षांची असताना रोसेली केंद्रात गेली. पोरगी आईला शोधून रडू लागली तेव्हा लोलाने सांगितलं, आई हाँगकाँगला कामाला गेलीय. इथल्या कितीतरी पोरांच्या आया तिथेच होत्या, कुणाला नवल वाटलं नाही. मग लोलाने त्यात भर घातली. आई एका चेन बाईंकडे असते, त्यांची जुळी पोरं सांभाळते. रोसेली परत आली तेव्हा हे सगळं पक्कं झालेलं होतं. तिने ते मोडलं नाही. मोठी झाली की सांगू, असं दर वाढदिवसाला ठरवलं. यंदा याना चौदाची झाली होती, आणि रोसेलीने मनात नाताळची सुट्टी धरली होती.

ती दाराशी गेली. "याना. बाळा, दार उघड."

तिने दारावर बोटांनी टकटक केलं.

"मी सांगणार होते तुला."

"त्या जुळ्यांची नावं काय होती?" आतून आवाज आला.

रोसेलीने कपाळ दाराला टेकवलं.

"सांग ना नानाय. लोलाने सांगितली होती मला नावं. मी रात्री त्यांच्यासाठी प्रार्थना करायचे. म्हणजे आधी ती मरावीत म्हणून करायचे, तू घरी येशील म्हणून. मग ते पाप असतं असं कळलं, तर ती बरी राहावीत म्हणून करायला लागले. तुला माहीत तरी आहेत का ती नावं?"

माहीत नव्हती. रोसेली दाराशी तशीच बसून राहिली, नवा निळा ब्लाउज घालून.

सोमवारी कामावर जाण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. भट्टीवरच्या बायका नेहमीपेक्षा जास्त गोड बोलल्या. दोघी-तिघींनी मिठ्या मारल्या. "मानांग, तुझा किती अभिमान वाटला," सोनिया नावाची पाव कापणारी पोरगी म्हणाली. जेवायच्या वेळी हीच सोनिया तिच्या शेजारी बसली. बसताना तिने आपली पर्स रोसेलीच्या बाजूने काढून दुसऱ्या कुशीत घेतली. तिने ते मुद्दाम केलं नव्हतं, हात आपसूक हलला होता. पण रोसेलीला ते दिसलं, आणि रोसेलीला दिसलं हे सोनियालाही दिसलं. दोघी खाली मान घालून जेवल्या.

दुपारी भट्टीवरचा दोदोंग आला. माणूस एरवी अबोल. इकडेतिकडे बघून म्हणाला, "मानांग, माझा धाकटा भाऊ आहे. तुला विचारायचं होतं, ते सुटतं कसं? तू कसं सोडलंस?"

रोसेलीच्या तोंडून निघून गेलं, "मला काय विचारतोस? डॉक्टरला विचार." त्याचा चेहरा पडला. तो गेल्यावर तिला स्वतःची आणखीच लाज वाटली. पण केंद्रातले ते दिवस, ते थरथरणं, उलट्या, भिंतीवर डोकं आपटणं, हे बिस्कोचोच्या ट्रेसमोर उभं राहून कुणाला सांगायचं हे तिने कधी कबूल केलं नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी बारांगायचा, म्हणजे वस्तीच्या पंचायतीचा, मेंबर घरी आला. नाव एल्मर. याच गल्लीत वाढलेला, बरोबर दोन पहारेकरी. मेंबरने चप्पल बाहेर काढली, रीतीप्रमाणे लोलाच्या हाताला कपाळ लावलं.

"लोला पुरिंग, तब्येत कशी आहे?"

"तू येईपर्यंत बरी होती."

मेंबर हसला. मग रोसेलीकडे वळला. "मानांग, घाबरायचं काही नाही. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. छानच बोलल्या मॅम. फक्त एकदा ऑफिसात येऊन जा. तुझ्यासारखे पुष्कळ जण आले. नाव सांगायचं, शपथ घ्यायची, संपलं. तुझ्याच भल्यासाठी."

"मी अकरा वर्षांत हात लावलेला नाही."

"म्हणूनच तर. तुला कसली भीती?"

तो काळ कसला होता ते ला पाझमध्ये कुणाला सांगायला नको; नशेवाल्यांच्या याद्या होत होत्या, आणि यादीतली माणसं मारली जात होती. मागच्या गल्लीतला सायकलवाला असाच भल्यासाठी नाव सांगून आला होता. काही आठवड्यांनी मोटारसायकलवरून दोघे आले आणि तो जेवणाच्या टपरीसमोर गोळी लागून पडला. मेंबर एल्मर त्याच्या मयताला सगळ्यांत पुढे होता, आणि खरोखर रडला होता.

"शुक्रवारपर्यंत ये," मेंबर उठत म्हणाला. मधल्या दारात याना उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. दोन दिवसांत प्रथमच तिने आईकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, भीती होती. रोसेलीला वाटलं, त्यापेक्षा राग बरा होता.

दुसऱ्या दिवशी ती आधी नर्सच्या खोलीत गेली. लोर्ना कापसाचे बोळे करत होती. रोसेली आत आली तशी उठून उभी राहिली.

"बस म्हणायचीही मला लाज वाटते," ती म्हणाली.

"का सांगितलंस?"

"मॅम विचारत होत्या, यंदा कुणाला बक्षीस द्यावं. मी तुझं नाव सुचवलं. त्या म्हणाल्या, तिच्यात विशेष काय? तेव्हा तोंडातून गेलं. मला वाटलं त्या मनात ठेवतील." लोर्ना थांबली. "नाही. खरं सांगते. मला काहीच वाटलं नाही. मॅमना गोष्ट आवडतेय हे बघून मला बरं वाटलं, म्हणून सांगत गेले. रविवारी हॉलमध्ये मी मागे उभी होते. तू हसत होतीस. मला पळून जावंसं वाटलं."

"मेंबर घरी आला होता."

बोळ्यांचं भांडं लोर्नाने बाजूला सरकवलं. "ऐक. तू तक्रार कर. माझ्यावर आणि मॅमवरही. या खोलीत रोग्याने सांगितलेलं बाहेर न्यायचं नाही, असा कायदा आहे. मालकालाही ते चारचौघांत बोलायचा हक्क नाही. माझं लायसन जाईल, जाऊ दे. मी स्वतः सही करून देते, की मीच सांगितलं."

"मग तुझ्या पोरांचं काय?"

"तुझी पोर घराबाहेर पडतेय का?" लोर्नाने विचारलं, आणि मग तिला रडू फुटलं. रोसेलीने तिला जवळ घेतलं नाही. घ्यावं असं वाटलं, पण हात उचलले गेले नाहीत.

तिथून ती थेट मॅमच्या ऑफिसात गेली. मॅम फ्रिदा खुशीत होत्या.

"ये दाय! पाहिलंस का? किती हजार लोकांनी बघितला तुझा व्हिडिओ! कॅनडातून माझ्या बहिणीचा फोन. म्हणे अशी माणसं आहेत तुझ्याकडे!"

"मॅम, तो काढून टाका."

"काय?"

"व्हिडिओ. काढून टाका."

मॅमनी चष्मा काढला. "अगं पण का? मी काय वाईट बोलले? तुझा सत्कार केला मी. सगळ्यांसमोर तुला मोठं केलं."

"मला विचारलं नाहीत."

"सत्कार काय विचारून करतात? दाय, यात लाजण्यासारखं काय आहे? तू तर जिंकलीस!"

"लाज वाटते मला," रोसेली म्हणाली. आवाज लहान होता, पण थांबला नाही. "तुम्हाला वाटत नसेल. मला वाटते. रोज वाटते, मॅम. भात खाताना वाटते, पोरीची वेणी घालताना वाटते. ती लाज माझी आहे. ती घेऊन मी अकरा वर्षं नीट चालले. माझ्या मुलीला मी अजून सांगितलं नव्हतं. मी सांगणार होते. आता ती तुमच्या तोंडून ऐकून बसलीय, डुकराच्या जेवणाआधी, टाळ्यांच्या आवाजात."

मॅमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"आणि बारांगायचा मेंबर घरी आला होता. शुक्रवारपर्यंत नाव द्यायला सांगितलंय."

हे मात्र मॅमना लागलं. बाई भाबडी होती, पण ला पाझमध्येच राहत होती. त्यांनी टेबलाची कड धरली. "देवा," म्हणाल्या. "माझ्या डोक्यातच आलं नाही गं."

"नर्स म्हणते, मी तक्रार करू शकते. तुमच्या दोघींवर."

"लोर्ना म्हणाली असं?"

"ती सही द्यायला तयार आहे."

मॅमनी टेबलावरचे कागद एकावर एक सारखे केले. मग मॅम घाईघाईने बोलू लागल्या. "बघ, मी तुला पूर्ण कारखान्याची सुपरवायझर करते. पगार वाढवते. यानाच्या कॉलेजचं मी बघते. आणि सोमवारी सगळ्यांना जमवून, मंचावर उभी राहून, माइकवर तुझी माफी मागते."

"नको!" रोसेली इतक्या मोठ्याने ओरडली की बाहेरची टायपिस्ट वळून बघायला लागली. "पुन्हा मंच नको, मॅम. हात जोडते."

मॅमचं तोंड उघडं राहिलं. मग त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि प्रथमच त्यांचा आवाज खाली आला. "मग काय करू ते तू सांग."

"व्हिडिओ काढा. नर्सच्या खोलीतलं पुन्हा कुणाचं काही विचारू नका. आणि माझ्याबरोबर मेंबरकडे चला."

गुरुवारी दुपारी मॅम फ्रिदांची पांढरी गाडी बारांगायच्या ऑफिससमोर थांबली. मॅम मोत्यांचे डूल घालून आल्या होत्या; मोठ्या माणसांना भेटायला त्या तशाच जात. मेंबर एल्मरने धावत येऊन प्लॅस्टिकची खुर्ची पुसून दिली. रोसेली शेजारच्या बाकावर बसली. आत चार-पाच माणसं कामाला आलेली होती, ती कान टवकारून होती.

"मॅम, तुम्ही कशाला तसदी घेतलीत?"

"रोसेलीचं नाव इथे द्यायचं नाही," मॅम म्हणाल्या. "ते सांगायला आले."

"पण मॅम, तुम्हीच तर बोललात. व्हिडिओत आहे."

"व्हिडिओ आता नाही."

"लोकांनी आधीच पुढे पाठवलाय ना." मेंबर नम्रपणे हसला. "मग काय समजायचं? तुम्ही बोललात ते खोटं होतं?"

मॅमनी रोसेलीकडे पाहिलं. रोसेलीने जमिनीकडे. खोटं होतं म्हणाव्यात, असं तिला मनापासून वाटत होतं. आणि पुन्हा एकदा आपल्यावरून कुणीतरी खोटं बोलेल, हे नकोसंही वाटत होतं.

मॅम फ्रिदांच्या कपाळावर घाम आला होता. "ते बोलणं माझं नव्हतं," त्या शेवटी म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरातली वस्तू मी उचलून आणली आणि चव्हाट्यावर मांडली. खरं की खोटं, ते मी आता एक शब्दही सांगणार नाही. तिलाही विचारायचं नाही. तुला काही विचारायचंच असेल तर मला विचार, म्हातारी बाई अशी कशी वागली म्हणून. आणि एल्मर, हिच्या दारात उद्या कुणी मोटारसायकल घेऊन उभं राहिलं, तर मी बिशपपासून वर्तमानपत्रापर्यंत सगळ्यांना सांगेन की तिचं नाव माझ्या तोंडून निघालं आणि तुझ्या ऑफिसात पोचलं. माझा आवाज किती मोठा आहे, तुला माहीत आहे."

कामाला आलेल्यांपैकी कुणीतरी हसलं. मेंबर हसला नाही. त्याने कानामागे खाजवलं. "मॅम, आम्ही काय, वरून सांगतात तसं करतो."

"वरच्यांना माझा निरोप दे."

गाडीत बसल्यावर मॅमनी किल्ली लावली नाही. डूल काढून त्यांनी पर्समध्ये टाकले. "लोक कसे बघत होते माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "त्या खुर्चीत बसून मला कसंतरीच झालं. तू तर मंचावर होतीस."

मॅमच्या बोलण्यात माफी होती हे रोसेलीला कळलं. ती तिने घेतली की नाही, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

मेंबर पुन्हा आला नाही. तक्रार रोसेलीने केली नाही. लोर्नाने आपल्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवून घेतली, आणि रोसेली समोरून आली की अजूनही भिंतीकडे सरकत असे. बेकरीत कुणी तो विषय काढत नव्हतं. पण काढत नाहीत हेच तिला दिवसभर ऐकू येई. नवी मुलगी कामाला लागली की दुपारपर्यंत तिची नजर बदललेली असायची. कुणीतरी सांगितलेलं असायचं, आणि चांगलंच सांगितलेलं असायचं. दोदोंगला तिने एकदा बाजूला घेतलं, केंद्राचा पत्ता आणि तिथल्या वृद्ध सिस्टरचं नाव दिलं. तो खूप वेळ तिचा हात हलवत राहिला. त्या दिवशी तिला थोडं बरं वाटलं. पण घरी जाताना तेवढ्यासाठीही आपण पुन्हा त्याच ओळखीने ओळखले गेलो, असं वाटून ते बरं वाटणं टिकलं नाही.

जानेवारीतल्या सणाची गर्दी आटोपल्यावर तिने नोकरी सोडली. नदीपलीकडे मोलोमध्ये एका छोट्या बेकरीत जागा मिळाली, पगार कमी होता. मॅमनी अडवलं नाही.

त्या संध्याकाळी ती मागच्या अंगणात कपडे धूत होती. याना येऊन उंबऱ्यावर बसली. इतके दिवस ती बोलत होती, पण कामापुरतं. मीठ दे, दप्तर कुठंय, एवढंच.

"माझ्यामुळे सोडलीस नोकरी?"

"नाही. माझ्यामुळे."

यानाने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. "मॅम म्हणाल्या ना, केंद्र. कुठे होतं ते?"

रोसेलीचे हात फेसात थांबले. हे त्या व्हिडिओत नव्हतं. नर्सलाही तिने सांगितलं नव्हतं.

"गिमारासला."

"गिमारास?" याना उठूनच उभी राहिली. "समोर? बोटीने पाव तासावर?"

"हो."

"लोला मला दर रविवारी धक्क्यावर न्यायची. आम्ही तिथे बसून मका खायचो. मी तिला विचारायचे, हाँगकाँग कुठल्या बाजूला. ती गिमारासच्या पलीकडे हात करायची."

"मला माहीत आहे. लोलाने नंतर सांगितलं."

"तुला दिसायचं इकडचं?"

खोटं सांगणं सोपं होतं. रोज टेकडीवर बसून तुझ्याकडे बघायचे, असं म्हटलं असतं तर पोर कदाचित गळ्यात पडली असती. रोसेलीने हात कमरेला गुंडाळलेल्या जुन्या टॉवेलला पुसले.

"आंब्याच्या बागेमागे चढ होता. तिथून सगळं शहर दिसायचं. बाकीच्या बायका संध्याकाळी तिथे जायच्या, आपापली घरं कुठे असतील ते बोटांनी दाखवायच्या. मी जायचे नाही. पहिले कितीतरी महिने मला तुझी आठवणच यायची नाही, याना. मला फक्त त्या शाबूचीच आठवण यायची. दिवसभर, झोपेतसुद्धा. आई म्हणून मला ते कळायचं, आणि म्हणून मी त्या चढावर जायचे नाही. मला शहराकडे बघायचं धाडस नव्हतं."

याना पुन्हा उंबऱ्यावर बसली. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"मग एकदा गेले," रोसेली म्हणाली. "तेव्हा आठवली होतीस. तू भाताची शितं एकेक करून खायचीस, चिमणीसारखी. ते आठवलं. खूप रडले. तिथल्या बायकांनी मला उचलून खाली आणलं. एवढंच आहे. यात मोठं काही नाही."

शेजारी कुणाचा तरी रेडिओ चालू होता. यानाने बादलीतला एक शर्ट उचलला, पिळला, दोरीवर टाकला. नीट टाकला नव्हता, एक बाही लोंबत होती.

"हे कुणाला माहीत आहे?"

"आता तुला. आणखी कुणाला नाही."

"पप्पांना?"

"केंद्राचं माहीत आहे. चढाचं नाही."

"मी कुणाला सांगितलं तर?"

"ते तू बघ."

"नाही सांगणार," ती म्हणाली. मग दुसरा शर्ट उचलताना, आईकडे न बघता म्हणाली, "मला अजून राग आहे पण."

"असू दे," रोसेली म्हणाली, आणि सरकून तिने बादली दोघींच्या मध्ये घेतली.